सिंहगडानंतर सांडिया: अल्बुकर्कीत अकरा महिने अँटेना वापरल्यानंतर

मागच्या आठवड्यात अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या आमच्या अल्बुकर्की शहराच्या नेहमीच्या वासंतिक वाऱ्याने आमच्या परसातल्या खांबावरची अँटेना जवळजवळ काटकोनात फिरवली आणि ऐन बातम्यांच्या वेळी १३ क्रमांकाची वाहिनी नाहीशी झाली. शिडी लावली, पाना घेतला, अँटेनाचे तोंड पुन्हा सांडिया डोंगराच्या माथ्याकडे, म्हणजे वाहिन्यांच्या मनोऱ्यांकडे, वळवले आणि दहा मिनिटांत चित्र परत आले. ज्या केबल कंपनीला मी नऊ वर्षे दरमहा इमानेइतबारे पैसे भरले, तिचा माणूस अशाच एका तक्रारीसाठी सकाळी आठ ते दुपारी चार अशी ऐसपैस वेळ देऊन दोनदा आलाच नव्हता. त्या दोन वाया गेलेल्या रजांचा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच कबूल करतो, कारण पुढच्या मजकुरात तो जागोजागी दिसेल.

अँटेनावर फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांपैकी ४ म्हणजे एनबीसी, ७ म्हणजे एबीसी, १३ म्हणजे सीबीएस ही देशव्यापी जाळी आणि ५ म्हणजे सार्वजनिक वाहिनी, हे अल्बुकर्कीत किंवा रिओ रँचोत राहणाऱ्या मराठी मंडळींना पाठ असणारच, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही. मला बोलायचे आहे ते ७ आणि १३ या दोन आकड्यांबद्दल. केबल तोडल्यावर मी गेल्या मे महिन्यात जी चपटी, कागदासारखी, भिंतीला चिकटवायची अँटेना घेतली, तिच्या खोक्यावर पन्नास मैलांचा पल्ला छापलेला होता. आमच्या घरापासून डोंगरमाथा वीस मैलांच्याही आत आहे आणि रात्री मनोऱ्यांचे लाल दिवे स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजता येतात. तरीही ४ आणि ५ आरशासारख्या स्वच्छ, ७ चौकोनी ठिकऱ्यांच्या रूपात आणि १३ अजिबात नाही, असा प्रकार पाच महिने चालला.

विक्रेत्याच्या मदत केंद्राने 'तुमच्या भागात सिग्नल कमजोर आहे' असे सांगून मला एक अॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा, विकला. तो लावल्यावर ४ सुद्धा अडखळू लागली. सांडियाचा माथा समुद्रसपाटीपासून १०,६७८ फुटांवर आणि शहर साधारण ५,३०० फुटांवर, म्हणजे प्रक्षेपकाचे मनोरे आपल्या डोक्यावर पाच हजार फूट उंच, मधे आडकाठी काही नाही. अशा जागी सिग्नल कमी पडत नाही; वाढवायला गेले तर संचाच्या ट्यूनरला तो जास्तच होतो. हे मला त्या मदत केंद्राने नव्हे, तर पुस्तकांनी आणि स्वतःच्या खिशाला बसलेल्या खाराने शिकवले.

खरे कारण अगदी साधे आहे आणि खोक्यावर ते एका ओळीत छापता आले असते. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे जुने अॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले, तेव्हा अनेक वाहिन्यांनी आपला जुना क्रमांक फक्त पाटीपुरता ठेवला आणि बिऱ्हाड दुसऱ्याच लहरींवर हलवले. आपल्या ४ आणि ५ या प्रत्यक्षात यूएचएफ या आखूड लहरींच्या पट्ट्यावर आहेत. ७ आणि १३ मात्र आजही खरोखरच व्हीएचएफ या लांब लहरींच्या पट्ट्याच्या ७ आणि १३ वर आहेत. यूएचएफची लहर आखूड असते, तिला हातभर रुंदीचा तुकडा पुरतो. ७ क्रमांकाच्या लहरीची लांबी साधारण पावणेदोन मीटर, म्हणजे तिच्यासाठी अँटेनाची दांडी निम्म्या लांबीची, सुमारे ८५ सेंटिमीटर हवी. वहीच्या पानाएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने ती पकडावी ही अपेक्षा म्हणजे चहाच्या गाळणीने विहीर उपसणे होय. त्यात आपल्या घरांच्या स्टको, म्हणजे सिमेंटचा गिलावा केलेल्या, भिंतींत तो गिलावा धरून ठेवण्यासाठी तारेची जाळी असते, आणि मी ती अँटेना नेमकी त्याच जाळीच्या आतल्या बाजूला चिकटवली होती.

ऑक्टोबरात लांब दांड्यांची, दोन्ही पट्ट्यांसाठी बनवलेली, दिसायला कुरूप अशी अँटेना घेतली, परसात खांबावर चढवली, आणि त्या दिवसापासून चारही वाहिन्या व्यवस्थित आहेत. पत्नी शिडी धरून उभी होती आणि मुलगा आतून 'आली, गेली, पुन्हा आली' असे ओरडत होता. माझे बालपण पुण्यात गेले. तिथे हाच संवाद गच्ची आणि दिवाणखाना यांच्यात चाले आणि अँटेनाचे तोंड सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे असे. डोंगर बदलला, बाकी काही नाही.

आता जे फुकट मिळते त्याची योग्यता काय, हा प्रश्न उरतो, आणि इथे माझे मत वर्षभरात दोनदा फिरले. सुरुवातीला मी फक्त ४ साठी हा खटाटोप केला होता, कारण जुन्या संस्थेबद्दल मला उगाच आदर वाटतो. या ४ चे नाव केओबी, आणि तिचे मूळ याच राज्यातील लास क्रूसेसच्या कृषी महाविद्यालयातील प्राध्यापक राल्फ गॉडार्ड यांच्या प्रयोगशाळेत आहे. १९२२ मध्ये त्या रेडिओ केंद्राला केओबी हे नाव मिळाले, पुढे ते अल्बुकर्कीत आले आणि २९ नोव्हेंबर १९४८ रोजी राज्यातील पहिले दूरचित्रवाणी केंद्र याच नावाने सुरू झाले. त्या रेडिओ केंद्राला १९४१ मध्ये ७७० किलोहर्ट्झवर बसवल्याने त्याच लहरीवरच्या न्यूयॉर्कच्या एका बलाढ्य केंद्राशी त्याचे जे भांडण जुंपले, ते काही दशके मिटले नाही. माझी केबल कंपनीशी झालेली झटापट त्यापुढे किरकोळच म्हणायची. गरम हवेवर उडणाऱ्या मोठ्या फुग्यांच्या ज्या ऑक्टोबरातील महोत्सवासाठी आपल्याकडे पाहुण्यांची रांग लागते, तोही याच रेडिओच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त १९७२ च्या एप्रिलमध्ये कोरोनाडो सेंटर या मॉलच्या वाहनतळावर तेरा फुग्यांनिशी सुरू झाला. एवढा वारसा असताना रात्री दहाच्या बातम्या मात्र, कोणत्याही क्रमांकावर पाहिल्या तरी, अपघात, गोळीबार, हवामान आणि पुन्हा हवामान याच क्रमाने येतात. वाऱ्याचा इशारा तीन वाहिन्यांवर तीन वेगळ्या माणसांकडून ऐकण्यासाठी मी पाच महिने झगडलो, हे लक्षात आल्यावर काही दिवस मला अँटेनाचाच राग आला होता.

राज्याच्या विधिमंडळात काय घडले हे कळण्यासाठी शेवटी कागदाकडेच वळावे लागते. जानेवारीत राजधानी सांता फे येथे अधिवेशन सुरू होते, विषम वर्षी साठ दिवसांचे आणि सम वर्षी तीस दिवसांचे, आणि त्या काळात मी 'अल्बुकर्की जर्नल' या दैनिकाचा रविवारचा अंक विकत घेतो. बातमीपत्रात चाळीस सेकंदांत उरकलेल्या विधेयकाला तिथे पाऊण पान मिळते. या शहरात एकेकाळी संध्याकाळचे ट्रिब्यूनही निघत असे. १९२२ मध्ये कार्ल मॅगी यांनी सुरू केलेल्या पत्रातून ते उभे राहिले. टीपॉट डोम या सरकारी तेलक्षेत्रांच्या लाचखोरीच्या प्रकरणात न्यू मेक्सिकोचे माजी केंद्रीय मंत्री आल्बर्ट फॉल यांच्यामागे हात धुऊन लागलेले संपादक ते हेच, आणि पुढे ओक्लाहोमा सिटीत जाऊन पार्किंग मीटरची कल्पना काढणारेही हेच. दुसऱ्या कामगिरीबद्दल मी त्यांना क्षमा केलेली नाही. १९३३ मध्ये सकाळचे जर्नल आणि संध्याकाळचे ट्रिब्यून या दोन पत्रांनी छपाई व जाहिराती एकत्र आणि संपादकीय विभाग स्वतंत्र, असा करार केला. अमेरिकेतील तशा प्रकारचा तो पहिला करार मानला जातो. लोकांच्या शरीरात त्यांच्या नकळत प्लुटोनियम टोचल्याचे प्रकरण ट्रिब्यूनच्या आयलीन वेल्सम यांनी खणून काढले आणि त्यांना पत्रकारितेचे १९९४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. २३ फेब्रुवारी २००८ रोजी ते पत्र बंद पडले. आम्ही त्यानंतर इथे आलो, त्यामुळे त्याची उणीव मला वाटणे तसे गैरच. पण तेच ते हवामान तीनदा पाहताना ती वाटते खरी.

इथे होणाऱ्या मालिका-चित्रपटांच्या चित्रीकरणाविषयी मी मुद्दाम थोडक्यात लिहितो, कारण त्याचा माझ्या अँटेनाशी संबंध लागतच नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. पुण्याहून आलेला प्रत्येक पाहुणा 'ब्रेकिंग बॅड' या गुन्हेगारी मालिकेच्या जागा दाखवा म्हणतो. २०२२ मध्ये शहराच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये बसवलेल्या, त्यातील दोन मुख्य पात्रांच्या कांस्य पुतळ्यांपाशी मी आतापर्यंत चार वेळा छायाचित्रकाराचे काम केले आहे. या शहराला जगभर ओळख देणारी ती मालिका मूळ दाखवली गेली ती एएमसी या केबल वाहिनीवर. सांडियाच्या माथ्यावरून ती कोणाच्या अँटेनात तेव्हा उतरली नाही. शहरातील मेसा देल सोल येथील स्टुडिओ २०१८ पासून नेटफ्लिक्सकडे आहेत, म्हणजे तिथे तयार होणारा मालही वर्गणी भरल्याशिवाय दिसत नाही. राज्य मात्र चित्रीकरणाच्या पात्र खर्चापैकी २५ ते ४० टक्के रक्कम करसवलतीच्या रूपाने परत करते. कर मी भरायचा, डाउनटाउनमध्ये रस्ता बंद असल्याने वळसा मी घालायचा, आणि कार्यक्रम पाहायचा तर पुन्हा पैसे मीच मोजायचे, हे गणित मला कोणी समजावून सांगितले तर आभारी राहीन. शेजारचे गृहस्थ चित्रीकरणाच्या संचावर सुतारकाम करतात आणि त्यांचे घर त्यावर चालते, म्हणून त्यांच्यासमोर मी हा विषय काढत नाही.

दुसऱ्यांदा मत फिरले ते ५ मुळे. ही वाहिनी न्यू मेक्सिको विद्यापीठ आणि अल्बुकर्कीच्या सार्वजनिक शाळा यांची मिळून आहे आणि १९५८ पासून चालू आहे. यूएचएफवर असल्यामुळे ती त्या चपट्या अँटेनावरही पहिल्या दिवसापासून येत होती, आणि कदाचित झगडावे न लागल्यामुळेच मी तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. हिवाळ्यात एका शुक्रवारी तिचा 'न्यू मेक्सिको इन फोकस' हा कार्यक्रम सहज लावला तर त्यात पाण्याच्या वाटपावर सलग चर्चा चालली होती, मधे कोणी किंचाळत नव्हते. तेव्हापासून आमच्या घरी तो चुकत नाही. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सार्वजनिक प्रसारणाचा संघराज्याकडून येणारा निधी रद्द केला, हे वाचल्यानंतर मी या वाहिनीला वर्षाची देणगी पाठवली. फुकट पाहण्यासाठी सुरू केलेल्या प्रयोगात मी स्वखुशीने पैसे दिले, यावर पत्नीने जे भाष्य केले ते इथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की ती रक्कम केबलच्या दोन महिन्यांच्या बिलापेक्षा कमी आहे.

ज्यांना घ्यायची आहे त्यांनी खोक्यावरचे मैल वाचू नयेत, 'हाय व्हीएचएफ' (७ ते १३ या क्रमांकांचा पट्टा) हे शब्द शोधावेत, अॅम्प्लिफायर मुळीच घेऊ नये आणि खांबाची पकड मार्च उजाडण्यापूर्वी एकदा आवळून घ्यावी. नवीन अँटेना बसवल्यावर संचाकडून वाहिन्यांचा शोध नव्याने करून घ्यावा, नाहीतर १३ आहे तिथे असूनही दिसत नाही आणि माणूस विनाकारण पुन्हा शिडी चढतो. मी दोनदा चढलो. चपटी अँटेना परत करण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती, त्यामुळे ती सध्या मसाल्याच्या खणात कागदाऐवजी अंथरलेली आहे आणि त्या कामी मात्र उत्तम टिकली आहे.