आरमध्ये 'या ऑब्जेक्टवर ही मेथड चालेल का?' हे आधी सांगणारी साधनं: एक परीक्षण

आर ही सांख्यिकीची संगणक-भाषा वापरणाऱ्याला 'नो ॲप्लिकेबल मेथड' हा संदेश कधी ना कधी भेटतोच. प्रेडिक्ट, समरी यांसारखं एकच फंक्शन (जेनेरिक) वेगवेगळ्या ऑब्जेक्टवर वेगवेगळं काम करतं; ऑब्जेक्टच्या प्रकाराला क्लास आणि त्या क्लाससाठी लिहिलेल्या कामाला मेथड म्हणतात, आणि ती नसली की हा संदेश येतो. एकच मॉडेल समोर बसून चालवत असाल तर फार बिघडत नाही. पण वेगवेगळ्या केंद्रांवरच्या कपाशीच्या चाचण्यांची मॉडेलं एका लूपमध्ये टाकली आणि अधल्यामधल्या मॉडेलला स्क्रिप्ट आडवी झाली, तर पुढचं सगळं अडतं. त्यात दुपारी लाइन गेली की मग झालंच. म्हणून मेथड चालवण्याआधी ऑब्जेक्टलाच विचारून घ्यावं, आणि त्यासाठी आरमध्ये साधनं आहेत. इथे ती ज्या कसोटीवर पाहिली आहेत ती अशी: तालुक्याच्या ठिकाणचा जुना लॅपटॉप, असेल-नसेल असं इंटरनेट, आणि कृषी प्रयोगांत नेहमी लागणारी मॉडेलं.

निकाल आधीच सांगतो. आरसोबत फुकट येणाऱ्या साधनांवर काम भागतं, पण एकट्यादुकट्या साधनावर नाही. 'मेथड आहे का' या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत: त्या नावाची मेथड नोंदलेली आहे का, आपलं ऑब्जेक्ट तिच्यापर्यंत पोचतं का, आणि पोचल्यावर आपण मागितलं ते ती खरंच करते का. पहिल्याचं उत्तर साधनं चोख देतात. दुसऱ्यासाठी थोडी जुळवाजुळव करावी लागते. तिसऱ्याबाबत ती जवळपास मुकी आहेत.

'मेथड्स()' हे सगळ्यांत ओळखीचं. क्लासचं नाव दिलं की त्या क्लाससाठीच्या मेथड्सची यादी येते आणि जेनेरिक फंक्शनचं नाव दिलं तर ते कोणकोणत्या क्लासना चालतं ते दिसतं. काही नावांपुढे तारा असतो. ती मेथड पॅकेजच्या आत नोंदलेली आहे, पण थेट नावाने हाक मारता येत नाही, असा त्याचा अर्थ. अनेकांची तपासणी इथेच फसते. ते 'एक्झिस्ट्स()' वापरून 'प्रेडिक्ट डॉट लोएस' (लोएस या वक्ररेषा बसवणाऱ्या मॉडेलाची अंदाज काढणारी मेथड) सापडते का पाहतात, उत्तर 'फॉल्स' येतं आणि लोएसवर प्रेडिक्ट चालत नाही असं ठरवून मोकळे होतात. प्रत्यक्षात ते चालतं. या कामाला 'एक्झिस्ट्स()' वापरूच नये.

'मेथड्स()'चा दुसरा दोष जास्त नडतो. ते फक्त विचारलेल्या क्लासपुरतं बोलतं, त्याच्या वरच्या क्लासबद्दल गप्प राहतं. आरबीडी (गट पाडून केलेली यादृच्छिक रचना) किंवा सीआरडी (पूर्ण यादृच्छिक रचना) अशा प्रयोगाचं प्रसरण-विश्लेषण 'एओव्ही()'ने केलं की ऑब्जेक्टला दोन क्लास मिळतात, आधी एओव्ही आणि मग एलएम (साधं रेषीय मॉडेल). एओव्हीच्या यादीत प्रेडिक्ट नाही. तरी प्रेडिक्ट व्यवस्थित चालतं, कारण आर पुढच्या क्लासकडे जातो आणि तिथे एलएमची मेथड त्याला सापडते. यादी वाचून 'नाही' म्हणणारा इथे चुकतो.

स्क्रिप्टमध्ये वापरायला सगळ्यांत भरवशाचं 'गेटएस३मेथड()'. जेनेरिकचं नाव द्यायचं, क्लासचं नाव द्यायचं आणि 'ऑप्शनल' हा पर्याय ट्रू ठेवायचा. मेथड असेल तर फंक्शन हातात येतं, नसेल तर नल, म्हणजे रिकामं उत्तर. ऑप्शनल विसरलात तर 'नाही' हे उत्तर त्रुटी होऊन येतं आणि ज्या अडचणीसाठी तपासणी लावली तीच पुन्हा दारात. हेही एका वेळी एकच क्लास पाहतं, म्हणून क्लासच्या यादीवर लूप फिरवावा लागतो. यादी 'क्लास()'ऐवजी 'डॉट क्लास२()'ने घ्या. मॅट्रिक्स किंवा साध्या आकड्यांच्या व्हेक्टरला आर मेथड शोधताना जे आतले क्लास धरतो, ते त्यात येतात. हे फंक्शन आर ४.०.० पासून आहे. यादीच्या शेवटी 'डिफॉल्ट' हा शब्द आपण जोडायचा आणि पहिली मेथड कुठे सापडली त्या क्लासचं नाव परत करायचं. नुसतं ट्रू-फॉल्स परत करू नका. उत्तर एलएमवरून आलं की डिफॉल्टवरून, यात फार फरक आहे.

तो असा. 'कोएफ()'ला डिफॉल्ट मेथड आहे आणि ती ऑब्जेक्टमध्ये 'कोएफिशंट्स' नावाचा भाग शोधते. के-मीन्सने गावांचे गट पाडले आणि त्या निकालावर कोएफ चालवलं तर त्रुटी येत नाही, नल येतो. म्हणजे तपासणी म्हणते मेथड आहे, फंक्शन चालतं, आणि हाती काहीच नाही. प्रेडिक्टला अशी डिफॉल्ट मेथड नाही, त्यामुळे के-मीन्सवर ते सरळ अडतं. अडणारं परवडलं. उलटी बाजूही आहे: 'लेंग्थ()'सारखी फंक्शनं आरच्या गाभ्यातच असतात, त्यांना मेथड नसली तरी ती चालतात.

आरमध्ये क्लास आणि मेथड लिहायच्या एस३ (साधी) आणि एस४ (जास्त काटेकोर) अशा वेगवेगळ्या पद्धती आहेत. एस४ ऑब्जेक्टसाठी साधनं वेगळी. 'एक्झिस्ट्समेथड()' फक्त नेमक्या त्याच क्लाससाठी पाहतं, 'हॅजमेथड()' वारसाने आलेलीही धरतं. रोजच्या कामाला दुसरंच घ्या. उपग्रहाच्या चित्रांवर 'टेरा' वापरणाऱ्यांना ते नीट उत्तर देतं. पण अनेक ठिकाणच्या चाचण्यांसाठी 'एलएमई४' हे मिश्र मॉडेलांचं पॅकेज वापरलं की घोळ होतो. त्यातलं मॉडेल एस४ ऑब्जेक्ट असतं आणि त्याच्या बऱ्याच मेथड्स मात्र एस३ पद्धतीच्या, त्याही 'मेरमॉड' या वरच्या क्लाससाठी लिहिलेल्या. त्यामुळे प्रेडिक्टबद्दल 'हॅजमेथड()' नकार देतं आणि प्रेडिक्ट आरामात चालतं. उपाय: ऑब्जेक्ट एस४ असेल तर क्लासची यादी 'इज()'कडून घ्या, त्यात मेरमॉडही येतो, आणि तीच यादी 'गेटएस३मेथड()'च्या लूपला द्या. नकार दोन्हीकडून आला तरच नकार माना.

टाइप करताना हमखास नडणारी एक गोष्ट: एस३च्या फंक्शनांत मेथडचं पहिलं अक्षर लहान लिपीत आहे, एस४च्या फंक्शनांत मोठ्या लिपीत. असं का, ते करणाऱ्यांनाच ठाऊक. आर लहान-मोठ्या अक्षरांत भेद करतो, तेव्हा 'फंक्शन सापडत नाही' असं आलं तर आधी हे तपासा.

आता कृषी संशोधनातला नेहमीचा पेच. स्प्लिट प्लॉट प्रयोग आहे, मुख्य प्लॉटला सिंचन आणि उपप्लॉटला वाण. 'एओव्ही()'मध्ये 'एरर' टर्म घातली की परत येणारं ऑब्जेक्ट एओव्ही क्लासचं राहतच नाही, एओव्हीलिस्ट होतं. समरी छान येते, म्हणून पुढे सरासऱ्यांची जोडीजोडीने तुलना करणारं 'टुकीएचएसडी()' लावलं जातं आणि गाडी थांबते, कारण टुकीएचएसडीची मेथड फक्त एओव्हीसाठी आहे. ही मेथड लिहायची राहून गेली असं नव्हे. स्प्लिट प्लॉटमध्ये प्रयोगातल्या चुकीचे (एररचे) स्तर दोन असतात, मुख्य प्लॉटचा वेगळा आणि उपप्लॉटचा वेगळा, आणि कोणत्या तुलनेला कोणता लावायचा हे ठरवल्याशिवाय टुकीचा आकडा काढता येत नाही. काही जण एरर टर्म काढून पुन्हा एओव्ही चालवतात. मेथड लगेच चालते, पण सिंचनाची तुलना मुख्य प्लॉटच्या चुकीऐवजी दोन्ही स्तरांच्या एकत्र झालेल्या चुकीवर होते आणि निकाल फसवा निघतो. इथे 'ईएममीन्स' पॅकेज घ्यावं, त्याला एओव्हीलिस्ट समजतो. साधी आरबीडी 'एलएम()'ने चालवली असेल तरी टुकीएचएसडी अडेल. तिथे मात्र तेच सूत्र 'एओव्ही()'ला दिलं की काम होतं.

तिसरा प्रश्न, म्हणजे मेथड मागितलं ते करते का, सगळ्यांत महाग पडतो. गुलाबी बोंडअळीने पोखरलेल्या बोंडांचं प्रमाण 'जीएलएम()'ने (सामान्यीकृत रेषीय मॉडेल) बसवलं आणि प्रेडिक्टला 'इंटरव्हल' (अंदाजाची खालची-वरची मर्यादा) मागितला. मेथड आहे, त्रुटी नाही, इशारा नाही. फक्त इंटरव्हल मिळत नाही, कारण जीएलएमच्या प्रेडिक्टला तो पर्याय माहीतच नाही आणि नको असलेले पर्याय ती मुकाट्याने गिळते. ओळखायची खूण अशी: एलएमकडून फिट, एलडब्ल्यूआर, यूपीआर असे तीन रकाने येतात, जीएलएमकडून आकड्यांची एकच रांग. 'गेटएस३मेथड()'ने फंक्शन हातात आलेलंच असतं. त्याला 'फॉर्मल्स()' लावून पर्यायांच्या नावांत इंटरव्हल आहे का ते पाहा. एलएमसाठी आहे, जीएलएमसाठी नाही. मग लिंक स्केलवर (मॉडेलाच्या आतल्या मापावर) 'एसई फिट' मागायचं, १.९६ पट प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) दोन्ही बाजूंना धरायची आणि शेवटी 'पीलॉजिस()'ने प्रमाणात आणायचं. लोएसमध्ये तोच पर्याय नुसत्या 'एसई' नावाने आहे, तेही लक्षात ठेवा.

फॉर्मल्सवरही डोळे झाकून विसंबू नका. पिकाच्या वाढीची वक्ररेषा 'एनएलएस()'ने बसवलेली असेल तर तिच्या प्रेडिक्टमध्ये एसई फिट आणि इंटरव्हल दोन्ही नावं दिसतात, पण ती सध्या दुर्लक्षिली जातात असं मदतपानावर स्वच्छ लिहिलेलं आहे. इथे कोणतीच आपोआप तपासणी उपयोगी नाही. मदतपान वाचा. ते इंटरनेटशिवाय उघडतं.

'ट्रायकॅच()'मध्ये मेथड चालवून पाहणं हा लोकप्रिय मार्ग, पण तो शेवटचा ठेवा. ती मेथड खरोखर चालते, मॉडेल जड असेल तर वेळ खाते, आणि त्रुटी आली तर मेथड नाही म्हणून आली की नव्या डेटात न पाहिलेला वाण आहे म्हणून, हे नुसत्या अपयशावरून कळत नाही. 'क्लास() बरोबर एलएम' अशी थेट तुलनाही सोडा. दोन क्लास असले की तुलनेची दोन उत्तरं येतात आणि आर ४.२.० पासून 'इफ'मध्ये तशी अट थेट त्रुटी देते. 'इनहेरिट्स()' वापरा.

'स्लूप' पॅकेजचं 'एस३_डिस्पॅच()' शिकवायला उत्तम. कोणते क्लास कोणत्या क्रमाने पाहिले, कोणती मेथड निवडली, कोणती असूनही वापरली नाही, हे बाण आणि ताऱ्यांनी समोर दिसतं. वर्गात पडद्यावर दाखवावं असं आहे. त्याचा भर डोळ्यांनी पाहण्यावर आहे, म्हणून रोजच्या स्क्रिप्टसाठी मूळ आरच पुरे.

पेन ड्राइव्हवरून आलेल्या मॉडेलांचा प्रश्न वेगळा. विद्यापीठातल्या संगणकावर बांधलेलं 'रँडमफॉरेस्ट' मॉडेल आरडीएस फाइलमधून इथे उघडलं, पण पॅकेज लोड नसेल तर 'मेथड्स()'ला काहीच दिसत नाही आणि प्रेडिक्ट नाही म्हणतं. मॉडेल शाबूत असतं. म्हणून तपासणीच्या आधी 'रिक्वायरनेमस्पेस()'ने पॅकेज आहे का ते पाहा, नाहीतर 'मेथड नाही' या उत्तराला काही अर्थ नाही.

प्रयोगशाळेत ३२-बिट विंडोजचे संगणक असतील तर त्यांच्यावर आर ४.१.३ पर्यंतच जाता येतं. वरची मूळ साधनं त्या आवृत्तीत सगळी आहेत. ईएममीन्स मात्र इंटरनेट असलेल्या ठिकाणाहून झिप फाइल म्हणून आणावं लागेल. झिप तुमच्या आरच्या आवृत्तीसाठी बनलेली असावी, आणि सोबत 'एस्टिमॅबिलिटी', 'एमव्हीटीनॉर्म' यांसारखी त्याला लागणारी पॅकेजंही आणा. स्थानिक फाइलवरून इन्स्टॉल करताना आर ती स्वतःहून ओढून आणत नाही.