टीईचा अभ्यास आणि एआय चॅटबॉट: वर्षभर नियोजनासाठी वापरल्यानंतरचा अनुभव

मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, २०१९ पॅटर्न (म्हणजे २०१९चा अभ्यासक्रम), आता टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे. एसईच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या एम-थ्रीपासून (गणिताचा तिसरा पेपर) अभ्यास आखायला चॅटजीपीटी, जेमिनाय आणि नोटबुकएलएम ही एआय साधनं वापरतेय. ‘एआयनं टाइमटेबल बनवून घेतलं तर फायदा होतो का?’ असं ज्युनिअर सारखे विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

नुसतं टाइमटेबल मागितलं तर फायदा होत नाही. ‘पाच विषय आहेत, महिन्याभराचं टाइमटेबल दे’ असं म्हटलं की काही सेकंदांत देखणा तक्ता येतो. पहाटे ५ला उठा, दोन तास टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन), रविवारी रिव्हिजन. त्यात लॅब नसते, जर्नलवर सह्या घ्यायचा आठवडा नसतो, मेसची वेळ नसते. असा तक्ता तीन दिवसांत कोलमडतो आणि मुलांना वाटतं की आपल्यालाच शिस्त नाही. खरं तर त्या चॅटबॉटला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं.

पहिली गोष्ट, पेपरची रचना सांगा. २०१९ पॅटर्नमध्ये इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, ३० गुणांची, पहिल्या दोन युनिट्सवर, एका तासाची. एंडसेम, म्हणजे शेवटची, ७० गुणांची, तिसऱ्या ते सहाव्या युनिटवर, अडीच तासांची. हे न सांगता विचारलं की सहाही युनिट्सना सारखे दिवस वाटून मिळतात. सांगितलं की इनसेमनंतर पहिली दोन युनिट्स बाजूला होतात आणि सगळा वेळ उरलेल्या चारांकडे जातो. शिवाय पर्याय त्याच युनिटच्या दोन प्रश्नांत असतो, म्हणजे अख्खं युनिट ऑप्शनला टाकता येत नाही. मात्र युनिटच्या आतला एखादा जड भाग सोडता येतो. कोणता सोडायचा, हे ठरवायला चॅटबॉटची खूप मदत झाली. जुन्या प्रश्नपत्रिका आणि सिलॅबसची पीडीएफ दिली आणि प्रत्येक युनिटमधलं काय पुन्हा पुन्हा आलंय ते काढून घेतलं. या कामाला मला नोटबुकएलएम आवडतं, कारण उत्तर आपण दिलेल्याच कागदांतून येतं आणि ते कुठून घेतलंय तेही दिसतं. उत्तराशेजारी संदर्भाचा आकडा असतो, त्यावर क्लिक करून मूळ प्रश्न वाचायचाच.

सिलॅबस दिल्याशिवाय काहीही विचारू नका. एका चॅटबॉटनं टीओसीच्या यादीत आपल्याला नसलेले टॉपिक आत्मविश्वासानं घुसवले होते. स्कॅन केलेल्या अस्पष्ट पेपरमधले घातांकही चुकीचे वाचले जातात. गणिताचा प्रश्न स्वतः टाइप करून दिलेला बरा.

डिप्लोमातून आलेल्यांसाठी हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. एम-थ्रीचं पुस्तक उघडलं की लिनिअर डिफरन्शिअल इक्वेशन्स सुरू होतात. बाकीच्यांचं एम-वन, एम-टू पहिल्या वर्षी झालेलं असतं, आपलं नसतं. क्लासवाले म्हणतात, सूत्रं पाठ करा. मी चॅटबॉटला विचारलं, ‘हे युनिट सोडवायला आधी काय काय यायला हवं? फक्त तेवढंच सांग.’ यादी छोटी निघाली: इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स, कॉम्प्लेक्स नंबर्स, थोडं डिटर्मिनंट. पार्शल फ्रॅक्शन पक्कं झालं तेव्हा इन्व्हर्स झेड-ट्रान्सफॉर्म एकदम सोपा वाटला. ही दरी नेमकी कुठे आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. यासाठी मी या साधनांची मनापासून आभारी आहे. समजावून मराठीत घ्यायचं आणि टर्म इंग्रजीच ठेवायला सांगायचं, म्हणजे पेपरात अडत नाही.

टीईला आल्यावर नियोजनापेक्षा परीक्षक म्हणून याचा उपयोग वाढला. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून माझ्या टाइमटेबलमध्ये आता ‘वाचन’ असा रकाना कमी आणि ‘प्रश्न विचार’ असा जास्त असतो. डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) मधलं नॉर्मलायझेशन, म्हणजे टेबलं नीट विभागण्याचे नियम, झालं की चॅटबॉटला सांगते: ‘रिलेशन आणि फंक्शनल डिपेंडन्सी दे, उत्तर सांगू नकोस, माझं उत्तर आलं की का ते विचार.’ एबी वरून सी ठरतो आणि सी वरून बी, हे थ्रीएनएफमध्ये बसतं पण त्याहून कडक अशा बीसीएनएफमध्ये का नाही, यावर ओरलला एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) धरतात. तो सराव रात्री ११ला कोण घेणार? उत्तर सांगू नकोस हे मात्र बजावून सांगावं लागतं, नाहीतर चॅटबॉट लगेच सोडवून मोकळा होतो आणि आपल्याला उगाच समजल्यासारखं वाटतं.

उत्तरं तपासायचीच. टीओसीत ३ने भाग जाणाऱ्या बायनरी संख्यांचा डीएफए (स्ट्रिंग स्वीकारायची की नाकारायची हे ठरवणारं कागदावरचं मशीन) मागितला, तर एका साधनानं दिलेल्या तक्त्यात एक ट्रान्झिशन उलटं होतं. ११० म्हणजे ६ हे त्या मशीननं नाकारलं, तिथेच कळलं. तेव्हापासून प्रत्येक डीएफए, पीडीए (स्टॅक असलेलं तसंच मशीन) जेफ्लॅप या सॉफ्टवेअरमध्ये काढून चार-पाच स्ट्रिंग चालवून बघते. पंपिंग लेमाच्या (टीओसीतलंच एक प्रमेय) सिद्धतेत तर जास्तच जपा, वाचायला ओघवती असते आणि मधलीच एखादी केस गायब असते.

दर रविवारी काय झालं, काय राहिलं ते प्रामाणिकपणे लिहून पुढचा आठवडा नव्यानं आखून घेते. ही सवय मूळ टाइमटेबलपेक्षा मोलाची आहे. दिवाळीत घरी गेल्यावर फराळ, पाहुणे, ओवाळणी यांत अभ्यास तासभरच होतो, हे आधीच सांगून ठेवलं तर त्याप्रमाणे आखणी होते. फक्त, हे चॅटबॉट फार होकार देतात. चार युनिट्स बाकी आणि दोन दिवस हातात असले तरी ‘नक्की शक्य आहे’ म्हणतात. म्हणून ‘होईल का’ असं न विचारता ‘यातलं काय सोडू आणि त्यात किती गुण जातील’ असं विचारायचं. चॅट खूप लांबली की सुरुवातीचं विसरतात, त्यामुळे पेपरची रचना आणि माझ्या वेळा एका नोटमध्ये लिहून ठेवल्यात, प्रत्येक नव्या चॅटला आधी ती चिकटवते.

पैसे भरण्याबद्दल: ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात चॅटजीपीटी गो महिना ३९९ रुपयांना आलं आणि ४ नोव्हेंबरपासून नव्यानं नोंदणी करणाऱ्यांना वर्षभर मोफत दिलं गेलं. गूगलनंही त्याच वर्षी विद्यार्थ्यांना प्रो प्लॅन वर्षभर मोफत दिला होता. अशी सवलत मिळाली तर घ्या, पण घरून आलेल्या पैशांतून महिन्याला ३९९ घालवू नका. अभ्यास आखायला आणि प्रश्न विचारून घ्यायला मोफतवालं पुरतं. मर्यादा संपली तर दुसरं उघडा. तेच पैसे जुन्या पेपरांच्या झेरॉक्सला आणि एका चांगल्या पुस्तकाला लावा, कारण चॅटबॉटला द्यायला ते लागणारच आहेत.