एमडीएडीएम : डिस्का नव्या सर्व्हरमध्ये हलवल्यावर कितपत भरवशाचं?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांत टॅलीचा डेटा आणि कॅडची ड्रॉइंग्ज ज्या सर्व्हरवर असतात, त्यात अनेक डिस्का एकत्र बांधणारं रेड कार्ड अनेकदा नसतंच. लिनक्सचं एमडीएडीएम हे सॉफ्टवेअरच चार डिस्कांचा रेड ५ सांभाळत असतं, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल असा डिस्कांचा संच (ॲरे). मदरबोर्ड गेला की डिस्का काढून दुसऱ्या सर्व्हरमध्ये लावायच्या. या एकाच कामापुरता हा आढावा आहे. मत आधीच सांगून टाकतो: जोडणीला दहापैकी नऊ, संदेशांना जेमतेम चार.

नऊ का, तर ॲरेची ओळख मशीनमध्ये नाही, डिस्कवरच असते. प्रत्येक डिस्कच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे एमडीएडीएमच्या नोंदींच्या छोट्या कप्प्यात, ॲरेचा यूयूआयडी (ओळख क्रमांक), त्या डिस्कची जागा आणि इव्हेंट काउंट (ॲरेतल्या बदलांगणिक वाढणारा आकडा) लिहिलेला असतो. त्यामुळे कुठली केबल कुठल्या पोर्टात गेली याने काही बिघडत नाही. हार्डवेअर रेड कार्ड जळालं की त्याच जातीचं कार्ड शोधत बसावं लागतं. इथे कुठलाही लिनक्सचा डबा चालतो.

पहिल्या बूटला मात्र लोक दचकतात. ॲरेचं एमडी० हे नाव गायब, त्याजागी एमडी१२७, आणि ॲरेची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये बऱ्याचदा ‘ऑटो-रीड-ओन्ली’ (तूर्त फक्त वाचण्यापुरता). डेटाला काही झालेलं नसतं. सुपरब्लॉकमधलं होमहोस्ट, म्हणजे ॲरेच्या मालक सर्व्हरचं नाव, जुन्या सर्व्हरचं असल्यामुळे नवा सर्व्हर ॲरेला परका समजतो, एवढंच. एमडीएडीएमच्या ‘--डिटेल --स्कॅन’ने मिळालेली ओळ एमडीएडीएम.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत टाकायची, तिच्यात हवं ते नाव लिहायचं, मग उबुंटू-डेबियनवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, रेडहॅटच्या घराण्यात ‘ड्रॅकट -एफ’. ही शेवटची पायरी हमखास राहते. बूटच्या सुरुवातीला इनिटरॅमएफएस या बूटपुरत्या फाइल-गाठोड्यातली त्या फाइलीची जुनी प्रत वाचली जाते आणि १२७ परत हजर होतो.

खरी परीक्षा ‘इनॅक्टिव्ह’, म्हणजे सुरूच न झालेल्या ॲरेची. सगळ्या डिस्कांपुढे कंसात एस दिसतो, म्हणजे स्पेअर (राखीव); त्यावरून काहीच अर्थबोध होत नाही. असा अर्धवट ॲरे डिस्का धरून बसतो, म्हणून आधी ‘--स्टॉप’ द्यायचं, नाहीतर पुढची प्रत्येक कमांड ‘बिझी’ म्हणून परत येते. नंतर ‘--असेंबल --व्हर्बोज’. कोणती डिस्क का नाकारली ते इथेच कळतं. त्याआधी ‘--एक्झामिन’ने चारही डिस्कांचे इव्हेंट काउंट ताडून पाहा, आणि ते आउटपुट पेन ड्राइव्हवर ठेवा. समजा दोन डिस्का ४८२१० वर, तिसरी ४८२०७ वर आणि चौथी ३१००० च्या घरात आहे. चौथी केव्हाच ॲरेबाहेर पडली होती. फक्त पहिल्या तिघींची नावं देऊन ‘--फोर्स’ने ॲरे उभा करायचा, फाइल्स तपासायच्या, आणि चौथी धडधाकट असेल तरच ‘--ॲड’ करायची. रेड ५ ला चारपैकी तीन पुरतात. चौथीचा जुना डेटा मिसळला तर मात्र खिचडी होते.

सुपरब्लॉकच सापडत नसेल, तर दोष बहुधा एमडीएडीएमचा नसतो. पार्टिशन न करता अख्खी डिस्क ॲरेत टाकलेली असते आणि तिच्या शेवटाला जुन्या जीपीटीची, म्हणजे पार्टिशनच्या टेबलाची, प्रत उरलेली असते. काही मदरबोर्डांचं फर्मवेअर ही प्रत बघून सुरुवातीचं टेबल ‘दुरुस्त’ करतं. जीपीटी सेक्टर ३३ पर्यंत पसरतं, आणि १.२ आवृत्तीचा सुपरब्लॉक सुरुवातीपासून ४ केबीवर, म्हणजे आठव्या सेक्टरवर असतो. गेला! म्हणून ॲरे बनवताना पार्टिशन करूनच बनवावा. नव्या सर्व्हरमध्ये रेड कार्ड असेल तर ते डिस्का जशाच्या तशा दाखवणाऱ्या आयटी मोडमध्ये हवं, आणि दुरुस्तीवाला डिस्क विंडोजला जोडणार असेल तर ‘इनिशियलाइज’ला नाही म्हणायला आधीच बजावून ठेवा.

सगळ्यात मोठी उणीव ‘--क्रिएट’. असेंबल जमेना म्हणून घाबरलेला माणूस हीच कमांड मारतो, आणि एमडीएडीएम एक प्रश्न विचारून, वाय दाबताच, नवे सुपरब्लॉक लिहून मोकळं होतं. डिस्कांचा क्रम चुकला, किंवा आवृत्तीनुसार डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा सुरू होण्याची जागा) बदलला, की सुरू झालेलं रीसिंक (डिस्का एकमेकींशी जुळवून घेणारं लेखन) उरलासुरला डेटाही पुसत जातं. इतक्या घातक कमांडला एवढी सैल कडी शोभत नाही. प्रयोग करायचाच तर डीएमसेटअपने प्रत्येक डिस्कवर स्नॅपशॉट ओव्हरले चढवून करावा, म्हणजे मूळ डिस्कवर काही लिहिलं जात नाही. डिस्क खरखरत असेल तर त्याआधी डीडीरेस्क्यूने कॉपी घ्या.

ॲरे उभा राहिला की त्याच्या सिंक_ॲक्शन या फाइलीत ‘चेक’ लिहून तपासणीची पूर्ण फेरी मारून घ्या. ४ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबीने वाचली तरी साडेसात तासांच्या आसपास जातात, तेव्हा वीज जाण्याच्या वारी हे काम काढू नका. डिस्कच्या तब्येतीच्या नोंदींमधला (स्मार्ट) १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा, म्हणजे केबलवरच्या डेटाच्या चुकांची मोजणी, फेरीनंतर वाढलेला दिसला, तर डिस्क फेकण्याआधी साटा केबल बदलून बघा.