मातीचा बॅज, आठ महिने, सव्वीस मुली: वापरानंतरचा अनुभव

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही मांजरपाटाचे, म्हणजे साध्या सुती कापडाचे, तुकडे जमिनीत पुरले आणि फेब्रुवारी संपता संपता पहिले बॅज दिले. मधल्या आठ महिन्यांबद्दल लिहिते आहे, कारण हल्ली ओळखीच्या गाईड कॅप्टन आणि स्काऊटमास्तर एकच प्रश्न विचारतात: उपक्रम पूर्ण केल्यावर मिळणारे हे विज्ञानाचे बॅज, कोणी पॅच म्हणतं, आपल्या पथकाला झेपतात का? फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गाईड पथक नाशिकमधल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतलं. सातवी ते नववीच्या सव्वीस मुली, चार संघ, शनिवारची सकाळची शाळा सुटली की दीड तास. हाताशी मैदानाचा एक कोपरा, छोटी परसबाग आणि प्रयोगशाळेची किल्ली, तीही मागून घ्यावी लागणारी. एवढ्यात बसेल असं काहीतरी हवं होतं.

आम्ही निवडला तो संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, 'युंगा' मालिकेतला मातीचा चॅलेंज बॅज. या मालिकेत पाणी, जैवविविधता, वने, महासागर, हवामान बदल, ऊर्जा, पोषण असे बरेच विषय आहेत. गर्ल गाईड्सची जागतिक संघटना, म्हणजे वॅग्ज, यात सहभागी आहे. आपल्या पुण्यात १९६६पासून असलेलं 'संगम' हे तिचंच जागतिक केंद्र. पुस्तिका फुकट उतरवून घेता येते. रचना साधी आहे. पाच ते दहा, अकरा ते पंधरा आणि सोळाच्या पुढचे असे तीन वयोगट. प्रत्येक विभागात अनिवार्य उपक्रमांपैकी एक करायचा आणि ऐच्छिकांपैकी निदान एक. कोणता, ते मुलांनी ठरवायचं.

हे 'मुलांनी ठरवायचं' मला सुरुवातीला किरकोळ वाटलं होतं. पुढे सगळ्यात जास्त कामाला आलं ते हेच.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच मी हा बॅज इतका लांबवला. वर्षभरापूर्वी आम्ही एका विज्ञान कार्यशाळेला गेलो होतो. दोन तासांचा कार्यक्रम, पडद्यावर चित्रं, एक प्रयोग व्यासपीठावर, आणि शेवटी प्रत्येकीच्या हातात रंगीत पॅच. मुली खूश झाल्या. पुढच्या शनिवारी मी विचारलं, 'पॅच कशाचा मिळाला?' सहा-सात जणींना नावही सांगता आलं नाही. तेव्हाच ठरवलं की पुढचा बॅज हाताला माती लागल्याशिवाय मिळणार नाही.

सुरुवातीचे तीन शनिवार भाषांतरातच गेले. आम्ही घेतलेली पुस्तिका इंग्रजीत होती. मी घरी बसून मराठी करून आणायची ठरवलं होतं, पण मग प्रत्येक संघाला चार-चार पानं वाटून दिली. हा निर्णय चांगला ठरला. पीएचला 'सामू' म्हणतात हे नववीच्या एका मुलीला बाबांच्या माती परीक्षणाच्या कागदावरून माहीत होतं. गांडुळाला आमच्याकडे दानवं म्हणतात, असं जुन्नरकडच्या आजोळाची मुलगी म्हणाली. मुरूम, पोयटा, चोपण, चुनखडी हे शब्द शेतकरी घरातल्या मुलींना बोलण्यातून येत होते. पुस्तकी भाषेत हुशार असलेल्या शहरातल्या मुलींना ते विचारावे लागले. पहिल्यांदाच वर्गातला चढता-उतरता क्रम उलटा झालेला मी पाहिला.

उदाहरणं जगभरासाठी लिहिलेली असतात, ती आपण आपल्या गावची घालायची. नाशिकला यात काहीच कमी नाही. आपली काळी माती ज्या खडकापासून झाली तो दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पांडवलेणी त्याच खडकात कोरलेली आहेत. आम्ही ऑगस्टमध्ये तिकडे गेलो, पण लेण्यांइतकाच वेळ रस्त्याच्या कडेला कापलेल्या एका दरडीपाशी काढला. वर हातभर काळी माती, खाली पिवळसर मुरूम, त्याखाली खडक. मुरमात गोल गोल धोंडे होते आणि त्यांचे पापुद्रे सुटत होते. 'मॅडम, कांदा!' एक मुलगी ओरडली. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला गोलाभ विदारण म्हणतात ते तेच. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या मुलीला दुसरं काय आठवणार? पापुद्रा बोटाने दाबला की चुरा होत होता. पुस्तिकेतलं 'खडकापासून माती' हे वाक्य मग कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला हजार वर्षंही लागू शकतात, हे मी तिथेच उभं राहून सांगितलं, आणि सातवीच्या मुलींनी बोटाचं एक पेर वर धरून एकमेकींना दाखवलं.

आता बरण्या. जॅमच्या रिकाम्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर, आणि जोरात हलवायचं. वाळू मिनिटाभरात बसते, गाळ तासा-दोन तासांत, चिकणमातीला दिवस लागतात. गोदाकाठच्या मातीची बाटली दुसऱ्या दिवशी बरीच निवळली होती. काळ्या मातीची बाटली चौथ्या दिवशीही चहासारखी गढूळ. इथे एक चूक झाली आणि ती माझी. बाटल्यांवर नाव-तारीख न लावता त्या खिडकीत ठेवल्या. सोमवारी साफसफाई करणाऱ्या मावशींनी घाण पाणी समजून सगळ्या धुऊन उपड्या घातल्या. त्यांचा काहीच दोष नाही. त्या दिवसापासून प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लागली, संघाचं नाव, जागा, तारीख, आणि 'हलवू नये'. पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं, पण नोंद ठेवण्याबद्दल मला नंतर कधी बोलावं लागलं नाही.

लिंबाचा प्रयोग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लाडका. काळ्या मातीतून निघालेला चुनखडीचा खडा बशीत ठेवायचा, वर लिंबू पिळायचं, आणि कान जवळ न्यायचा. बारीक चुर्र आवाज येतो, बुडबुडे दिसतात. आम्लाने चुनखडी फसफसते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. ज्या मुलीच्या मामांची द्राक्षबाग आहे तिने तिथेच विचारलं, 'म्हणून पानं पिवळी पडतात का?' चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही वेलीला नीट घेता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, हे मामांना पाठ होतं. तिला त्याचं कारण त्या दिवशी कळलं.

आणि आता मांजरपाट, ज्यासाठी हा सगळा लेख आहे म्हटलं तरी चालेल. सुती कापड म्हणजे सेल्युलोज. मातीतले जीवाणू आणि बुरशी ते खातात. म्हणून एकाच ताग्यातले वीतभर चौकोनी तुकडे वेगवेगळ्या जमिनीत पुरायचे, दोन महिन्यांनी काढायचे आणि किती उरलं ते पाहायचं. आम्ही कडा शिवून घेतल्या, म्हणजे तुकडा सापडायला सोपा. जागा चार: मैदानातला मुरूम, परसबागेतला शेणखताचा वाफा, दिंडोरी तालुक्यातल्या त्या मामांच्या द्राक्षबागेतली ओळ, आणि त्याच बागेच्या बांधावर कडुलिंबाखाली.

सप्टेंबरच्या मध्याला उकरलं. मैदानातला तुकडा पिवळा पडलेला, पण धुऊन रुमाल म्हणून वापरता आला असता. वाफ्यातलं कापड जवळजवळ नाहीसं. हातात आली ती फक्त शिवणीची दोऱ्याची चौकट, कारण दोरा पॉलिएस्टरचा होता. ती रिकामी चौकट मुलींनी एकमेकींच्या चेहऱ्यासमोर धरली. बांधावरचा तुकडा अर्धा खाल्लेला. बागेतला जवळपास शाबूत.

द्राक्षबागवाल्या मामांच्या भाचीने वहीत लिहिलं: 'फवारणीमुळे मातीतले जीव मेले.' मामा मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात हे तिला ठाऊक होतं, आणि तांबं मातीत साठत जातं, सूक्ष्म जीवांना त्रास देतं, हेही तिने वाचलं होतं. वाक्य पटण्यासारखं होतं. मी फक्त विचारलं, 'बागेत तुकडे किती पुरले होतेस?' एक. 'नेमके कुठे?' तिला आठवेना. संघनायकांच्या बैठकीत हा विषय अर्धा तास चालला. पुन्हा करायचं ठरलं, तेही मुलींनीच ठरवलं. अनिवार्य आणि ऐच्छिक यांतून निवडण्याची मोकळीक इथे उपयोगी पडली: बाकीच्यांनी दुसरे उपक्रम घेतले, या संघाने हाच प्रयोग पुन्हा घेतला, आणि कोणाचंच घोडं अडलं नाही.

गोडी छाटणीनंतर, म्हणजे वेलीला फळ धरावं म्हणून करतात त्या छाटणीनंतर, नोव्हेंबरच्या मध्याला त्यांनी बागेत तीन जागी तीन-तीन तुकडे पुरले. वेलीच्या बुडाशी ठिबकखाली, दोन ओळींच्या मधल्या ट्रॅक्टरच्या चाकोरीत, आणि बांधावर. प्रत्येक जागी खूण म्हणून रंगवलेली काठी. जानेवारीच्या मध्याला काढले तेव्हा ठिबकखालचे तिन्ही तुकडे बऱ्यापैकी खाल्लेले होते. चाकोरीतले तिन्ही जवळपास कोरे. पहिला तुकडा चाकोरीतच पुरला गेला असावा, हे काठीच्या जागा बघून तिच्या लक्षात आलं. दबलेल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत जीवांना काम करता येत नाही, हे एक कारण असू शकतं. तिने वहीतलं जुनं वाक्य खोडलं नाही, त्याखाली तारीख घालून लिहिलं: 'फवारणीचं उत्तर या प्रयोगातून मिळत नाही. दबलेली माती आणि भुसभुशीत माती यांत फरक दिसला.' मी पंधरा वर्षं शिकवते आहे, चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःचं ठाम मत असं बाजूला ठेवलेलं फार वेळा पाहिलेलं नाही. मला त्या क्षणी बॅजचं सार्थक झालं असं वाटलं.

तोच वाफा थंडीतही तपासला. पावसाळ्यात चौकट उरली होती, या वेळी अर्धं कापड उरलं. निफाडकडून येणाऱ्या मुलींना पहाटेची थंडी सांगावी लागत नाही. गार आणि कोरड्या मातीत कुजणं मंदावतं हे त्यांनीच मांडलं. ५ डिसेंबरला, जागतिक मृदा दिनाला, पहिल्या फेरीचे तुकडे शाळेच्या व्हरांड्यात दोरीवर चिमटे लावून टांगले. पालक त्यापुढे जितका वेळ थांबले तितका आमच्या कुठल्याच तक्त्यापुढे आजवर थांबले नव्हते.

खर्चाचं थोडक्यात. मांजरपाट, बाटल्या, लिंबं, झेरॉक्स मिळून हजाराच्या आत. मोठा खर्च कापडी बॅजचा, तो आम्ही इथेच भरतकाम करून घेतला, नगाला साठ रुपये, किमान तीस नग. पैसे 'खरी कमाई'तून, म्हणजे मुलींनी स्वतः कामं करून मिळवलेले. पहिल्या खेपेला 'माती'तला काना राहिला आणि सगळा माल परत करावा लागला, त्यात तीन आठवडे गेले. म्हणून नमुना हातात घेऊन, अक्षर अक्षर वाचूनच पुढचं काम द्या.

गणवेशावर मात्र आम्ही तो लावला नाही. आपला स्काऊट-गाईडचा सोपानांचा, म्हणजे पायऱ्यांचा, आणि प्रावीण्य बॅजचा क्रम स्वतंत्र आहे, हा त्यात धरलेला नाही, आणि हे मुलींना पहिल्याच दिवशी सांगा. आमच्याकडे दोघींना वाटत होतं की राज्य पुरस्काराला याचा उपयोग होईल. समजल्यावर त्या हिरमुसल्या, पण थांबल्या नाहीत. आता बॅज शिबिराच्या पिशवीवर शिवतात.

झेपतं का? शिक्षक एकटा असेल तर अवघड. मला आठवड्याला तीन तास जादा लागले आणि सहामाही परीक्षेच्या काळात सगळं ठप्प होतं. जूनमध्येच सुरुवात करा, म्हणजे पहिलं कापड पावसाच्या तोंडावर जमिनीत जाईल. पाचवी-सहावीच्या मुली असतील तर खालचा वयोगट घ्या. एका सत्रात दोन उपक्रम उरकायचा मोह होतो, तो आवरा. आणि शेतकरी पालकांना सुरुवातीलाच बोलवा. आम्ही डिसेंबरपर्यंत थांबलो, तो उशीर मला अजून सलतो. द्राक्षाची मुळं खारट पाण्याला दबू नयेत म्हणून डॉगरीज या जंगली द्राक्षाच्या खुंटावर कलम करतात, हे एका वडिलांनी कलमाचा जोड दाखवून दहा मिनिटांत सांगितलं. तसा तास मला घेता आला नसता.

सव्वीसपैकी एकोणीस जणींना बॅज मिळाला. बैठकीत संघनायकांनी वह्या तपासल्या आणि सात जणींचं काम अपुरं ठरवलं. त्यांत एक संघनायिका स्वतः होती. तिच्या वहीत दुसऱ्या बाटलीच्या नोंदीच नव्हत्या. दोन आईंनी मला फोन केला, सगळ्यांना दिला असता तर काय बिघडलं असतं म्हणून. मी त्यांना कार्यशाळेतल्या पॅचची गोष्ट सांगितली. एकीला पटली, एकीला नाही.

त्या सातही जणी अजून येतात. संघनायिकेची नवी बाटली गेल्या शनिवारी हलवून खिडकीत ठेवली आहे, चिठ्ठीसकट. बाकीच्यांनी पाण्याचा बॅज घ्यायचं ठरवलंय आणि नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला जायची तारीख काढायला सांगितली आहे.