फ्लॅट संस्थेला द्यावा, की फ्लॅट विकून आलेले पैसे?

मृत्युपत्रात सामाजिक संस्थेसाठी काही ठेवायचं ठरलं, की गाडी अडते ती राहत्या फ्लॅटपाशी. तो सरळ संस्थेच्या नावे लिहायचा, की एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला आपण नेमलेल्या माणसाने, तो विकून पैसे संस्थेला द्यावेत असं लिहायचं? मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

पहिला पर्याय मनाला भावतो. संस्थेला ती जागा खरोखर वापरायची असेल, उदाहरणार्थ बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना उतरायला, तर त्याला तोड नाही. फक्त सोसायटीला असा वापर चालेल का, हे आधी विचारून घ्यावं.

पण बऱ्याच संस्थांना गरज असते ती पैशांची. मी एका छोट्या ट्रस्टचे हिशेब पाहत होतो, तेव्हा एका बाईंचा फ्लॅट असाच मिळाला. महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्टच्या मालकीची जागा विकायला 1950च्या विश्वस्तव्यवस्था कायद्यातल्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ठराव, मूल्यांकन, निविदा, अर्ज. नियम रास्तच आहे, त्यामुळे संस्थांच्या जागा कवडीमोलाने जात नाहीत. मात्र तोवर कुलूपबंद फ्लॅटचा मेंटेनन्स चालू, मालमत्ता कर चालू. पावसाळ्यात छताचं प्लास्टर पडलं, तोही खर्च आलाच. मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी ठेवलेल्या पैशांतून त्या चेकवर सही करताना फार जड जायचं. बाईंनी काही यासाठी घर दिलं नव्हतं.

म्हणून मी दुसरा पर्याय लिहिला. एक्झिक्युटरने विकलं तर जागा ट्रस्टच्या मालकीची होतच नाही. त्यामुळे, माझ्या समजुतीप्रमाणे, त्या परवानगीचा प्रश्न येत नाही. तरी वकिलांकडून मसुदा तपासून घ्यावा. विक्रीचा सगळा भार मात्र एक्झिक्युटरवर पडतो. तो आपल्यापेक्षा तरुण, व्यवहार जाणणारा हवा, आणि त्याला आधी विचारलेलं हवं. असं कोणी नसेल तर पहिलाच पर्याय बरा.

रक्कम आकड्यात लिहू नका, हिस्सा लिहा. आजच्या पाच लाखांना पुढे काय किंमत राहील कोण जाणे. संस्थेचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आहे तसंच घाला, नोंदणी क्रमांकासह. सोसायटीतलं नॉमिनेशनही पाहून घ्या. त्याने मालकी ठरत नाही, पण नॉमिनी एक आणि एक्झिक्युटर दुसराच असला की कागद अडतात. मी दोन्हीकडे भाचीचंच नाव दिलं आहे.