चित्रे पाहण्याचे सरावाचे ॲप: उघडते नीट, परतताना अडते

एका नवशिक्या प्रोग्रामरने सरावासाठी तयार केलेल्या या अँड्रॉइड ॲपमध्ये दोनच पडदे आहेत: पहिल्यावर छोट्या चित्रांची जाळी, आणि त्यांपैकी एकावर बोट ठेवले की दुसऱ्यावर तेच चित्र मोठे. उघडण्याचा भाग चोख आहे. पहिला पडदा दुसऱ्याकडे संपूर्ण चित्र न पाठवता केवळ त्याचा पत्ता, म्हणजे यूआरआय, इंटेंटमधून (एका पडद्याने दुसऱ्याला धाडायच्या निरोपातून) पाठवतो. हा निर्णय मला विशेष आवडला, कारण अशा देवघेवीसाठी अँड्रॉइड एका प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) सुमारे १ एमबीचीच जागा देते आणि आजच्या कॅमेऱ्याचे एकच छायाचित्रही त्यात मावणे कठीण.

अडचण परतताना येते. मोठ्या चित्राखालचे ‘सर्व चित्रे’ हे बटण आधीच्या पडद्याकडे नेण्याऐवजी जाळीचा नवा पडदा उघडते. त्यामुळे चार-पाच चित्रे पाहून फोनचे ‘मागे’ बटण दाबले, तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाखाली एक तेच पडदे निघत राहतात. तेथे चालू पडदा बंद करणारी ‘फिनिश’ ही आज्ञा पुरेशी होती. शिवाय फोन आडवा केला की अँड्रॉइड पडदा नव्याने उभारते, आणि कोणते चित्र चालू होते याची नोंद ॲप ठेवत नसल्याने, बोट सरकवत बराच पुढे आलेला माणूस सुरुवातीला उघडलेल्या चित्रावर जाऊन पडतो. (झोपून चित्रे पाहणाऱ्यांना हे फारच जाणवेल.)

सजावट साधी आहे, ती तशीच राहावी. पुढच्या आवृत्तीत ॲनिमेशन घालण्याआधी या दोन दुरुस्त्या व्हाव्यात.