आरोग्य संजीवनी पॉलिसी: आईवडिलांसाठी चार वर्षे वापरल्यानंतरचा अनुभव

सांगलीत राहणाऱ्या आईवडिलांसाठी आरोग्य विमा घ्यायचे 2021 च्या सुरुवातीला ठरले, तेव्हा बाबा 63 वर्षांचे होते आणि त्यांना मधुमेह व रक्तदाब दोन्ही होते. पॉलिसी निवडण्यात माझे जवळजवळ दोन महिने गेले. दोन कंपन्यांची माहितीपत्रके शेजारी ठेवली, की एकीच्या कोणत्या अटीसमोर दुसरीची कोणती अट ताडून पाहायची, हेच कळेनासे होई. एकीने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत खोलीभाड्याला मर्यादा नसल्याचे छापले होते आणि पुढे बारीक अक्षरांत खोलीचा प्रकार ठरवून दिला होता. दुसरीत विमा रक्कम दुप्पट होण्याची सोय होती, पण मोतीबिंदू, हर्निया आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या मर्यादा वेगळ्याच तक्त्यात होत्या.

याच काळात एक विमा प्रतिनिधी अर्ज स्वतःच भरून घेऊन आला. मधुमेह आहे का, या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’ लिहिले होते आणि बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची डबी त्याच टेबलावर, त्याच्या हाताशी होती. ‘आत्ता लिहिलं तर प्रीमियम वाढेल, नंतर बघू,’ असे त्याचे म्हणणे. तो अर्ज आम्ही परत केला. आजार लपवून घेतलेल्या पॉलिसीचा क्लेम कंपनी नाकारू शकते, आणि वर्षानुवर्षे हप्ते भरणाऱ्या कुटुंबाला हे नेमके रुग्णालयाच्या काउंटरवर समजते. हा प्रकार मला आजही अत्यंत चीड आणणारा वाटतो.

अखेर आम्ही ‘आरोग्य संजीवनी’ घेतली. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी 1 एप्रिल 2020 पासून लागू झाली. आरोग्य विमा देणाऱ्या सर्व सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना ती विकणे तेव्हा बंधनकारक होते आणि मूळ अटी सगळीकडे सारख्याच आहेत. त्यामुळे आम्हाला तीनच गोष्टी पाहायच्या उरल्या: प्रीमियम, सांगली-मिरजेतली कॅशलेस रुग्णालये (जिथे बिल विमा कंपनी थेट रुग्णालयाला देते) आणि क्लेमच्या वेळची कंपनीची वागणूक. तिसरी गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. ती मी मिरजेतल्या दोन रुग्णालयांच्या कॅशलेस विभागात जाऊन विचारली. कोणत्या कंपनीची मंजुरी लवकर येते आणि कोणती कंपनी एकामागून एक शंका काढत बसते, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना अगदी तोंडपाठ असते.

आता पॉलिसीबद्दल. आईवडिलांसाठी प्रत्येकी 5 लाखांच्या दोन स्वतंत्र पॉलिसी घेतल्या, कारण फ्लोटरमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या सामायिक पॉलिसीत, एकाच रकमेत दोघांना भागवावे लागते. या योजनेची सर्वांत जाचक अट खोलीभाड्याची आहे. दिवसाला विमा रकमेच्या 2 टक्के, पण कमाल 5,000 रुपये. म्हणजे विमा रक्कम अडीच लाखांवरून 5 लाखांवर नेली, तरी खोलीची मर्यादा एका रुपयानेही वाढत नाही. त्यातच 7,500 रुपयांची खोली घेतली, तर कात्री केवळ वरच्या अडीच हजारांना लागत नाही. औषधे वगळता डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह वगैरे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे दोन तृतीयांशच, मान्य होऊ शकतो. हा खर्च 90,000 असेल, तर 30,000 रुपये घरातून जातात. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये 5 टक्के वाटा आपला असतो. म्हणून खोली निवडण्यापूर्वी हा हिशेब करावाच. सांगलीत 5,000 च्या आत बरी खोली मिळते, असा आमचा अनुभव आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयासाठी मात्र केवळ या पॉलिसीवर विसंबून राहू नये.

नोव्हेंबर 2024 मध्ये बाबांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. मोतीबिंदूसाठी असलेला दोन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ज्या काळात त्या उपचाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, तोवर उलटून गेला होता. बिल 46,000 रुपयांचे झाले. एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000 रुपये, यांपैकी जी रक्कम कमी तेवढीच मिळते. त्यातून 5 टक्के वजा होऊन कंपनीने 38,000 दिले आणि आम्ही 8,000 भरले. मी आदल्या रात्री वहीत मांडलेला आकडा हाच होता, आणि ही स्पष्टता मला या पॉलिसीचा सर्वांत मोठा गुण वाटते. डिस्चार्जच्या वेळी मात्र मनस्ताप झाला. आयआरडीएआयच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी, आम्हाला जवळजवळ पाच तास लागले. डोळ्यावर पट्टी बांधलेले बाबा तेवढा वेळ बाकावर बसून होते आणि दर अर्ध्या तासाने आपले काही चुकले आहे का, असे विचारत होते. विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो विमा कंपनीने सोसायचा, असा नियम आहे. तो मी काउंटरवर सांगितल्यावर निदान फोनाफोनी तरी सुरू झाली.

क्लेम नसलेल्या प्रत्येक वर्षी विमा रकमेत 5 टक्के बोनस जमा होतो. बाबांचा 15 टक्क्यांवर गेलेला बोनस या क्लेमनंतर 10 वर आला. 2024 मध्ये आधीपासूनच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा कालावधी 48 वरून 36 महिन्यांवर आला, तर 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील 18 टक्के जीएसटी रद्द झाला. हे दोन्ही बदल आमच्यासारख्या कुटुंबांना मोठा दिलासा देणारे आहेत.

छोट्या शहरात राहणाऱ्या, आजाराची नोंद प्रामाणिकपणे करून विमा घेऊ पाहणाऱ्या ज्येष्ठांसाठी पायाभूत पॉलिसी म्हणून मी हिची नक्की शिफारस करेन. मोठ्या खर्चासाठी तिच्यावर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारा जोडविमा, घ्यावा लागेल. आम्ही पुढच्या नूतनीकरणाला कंपनी बदलण्याचा विचार करीत आहोत. पोर्टेबिलिटीचा, म्हणजे जुन्या पॉलिसीचे लाभ राखून दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा, अर्ज मुदत संपण्याच्या किमान 45 दिवस आधी द्यावा लागतो, म्हणून ती तारीख आईने देवघराशेजारच्या कॅलेंडरवर आत्ताच लाल पेनाने खूण करून ठेवली आहे.